लोखंडाच्या सांगाड्यालाही माया सोडावी लागते

फर्निचरच्या शोरूमसाठी लोखंडी सांगाडा उभारायच्या तयारीत असलेल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातले नेमके प्रश्न निवडून या वेळी उत्तरं देत आहोत. आकडे अंदाज बांधायला आणि फॅब्रिकेटरशी बोलायला उपयोगी पडतील. प्रत्यक्ष ड्रॉइंग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच साइटवर यायला हवं.

प्रश्न : वडिलांनी सुरू केलेला फर्निचरचा कारखाना आता आम्ही दोघे भाऊ आणि पुतण्या बघतो. रस्त्याला लागून ६० × १२० फुटांचा बिनशेती प्लॉट आहे. त्यावर ४० × ८० फुटांचं शोरूम बांधायचंय. तळमजला, पहिला मजला आणि वर पत्रा. पाच-सात वर्षांत आणखी जागा लागेल असं दिसतं. एकाने पीईबीचं (कारखान्यात भारानुसार बनवून आणायच्या लोखंडी सांगाड्याचं) कोटेशन दिलंय, दुसऱ्याने आयबीमच्या (इंग्रजी I आकाराच्या तयार तुळयांच्या) सांगाड्याचं. पीईबीचं लोखंड कमी लागतंय, त्यामुळे एकूण रक्कम कमी आहे. कोणतं घ्यावं?
– एक वाचक, विटा, जि. सांगली

उत्तर : कोटेशनची तुलना करण्याआधी जागा कुठल्या बाजूला वाढणार ते ठरवा. तुमच्या बाबतीत ते प्लॉटनेच ठरवून टाकलंय. १२० फुटांतले ८० इमारतीला गेले. पुढे गिऱ्हाइकांच्या गाड्या आणि टेम्पो वळवायला २५-२८ फूट लागतील, मागे सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सोडाल. दोन्ही अंगांना उरतात दहा-दहा फूट. म्हणजे मागे नाही, बाजूला नाही. वाढायचं तर वरच.

पीईबीची चौकट प्लेटा कापून, वेल्ड करून बनवतात. जिथे ताण जास्त तिथे ती रुंद, जिथे कमी तिथे निमुळती. ठरलेल्या भाराला पुरेल एवढंच लोखंड, म्हणून ती हलकी आणि स्वस्त. गोदामाला, एकमजली हॉलला तिच्यासारखी दुसरी सोय नाही. पण शिंप्याने अगदी अंगाबरोबर शिवून शिलाईत मायाच ठेवली नाही, तर कपडा पुढे उसवून सैल करता येत नाही, तसं तिचं आहे. तिच्या निमुळत्या राफ्टरवर (छपराच्या तिरप्या तुळयांवर) उद्या मजला चढवता येणार नाही. त्यामुळे तुम्ही सरळ कॉलम आणि आयबीमचा बहुमजली सांगाडा घ्या. मधोमध कॉलमची एक ओळ घ्या, म्हणजे २० × २० फुटांचे चौक पडतील. मधला कॉलम नको असा फर्निचरवाल्यांचा आग्रह असतो. पण बेडरूम सेटचे कप्पे पाडताना तो कॉलम पार्टिशनमध्ये सहज लपतो, आणि ४० फुटी बीमवर मजला तोलण्याचा खर्च वाचतो.

आता माया कुठे सोडायची ते पाहा. सगळ्यात आधी इमारतीच्या पायात. २० × २० फुटांच्या चौकातल्या मधल्या कॉलमवर शोरूमच्या एका मजल्याचा, स्लॅब आणि माल धरून, साधारण ३० टन भार येतो. आज एक मजला आणि पत्रा एवढंच धरलं आणि मुरुमाची ताकद चौरस मीटरला २० टन असली, तर फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) साडेचार फूट चौरस पुरतं. पुढे आणखी एक मजला आणि स्लॅबची गच्ची येणार असेल तर तेच फुटिंग सात फूट चौरस लागतं. भूकंपाचा आणि वाऱ्याचा हिशेब त्यावर वेगळा. आज खड्डा उघडा असताना फरक आहे तो थोड्या काँक्रीटचा आणि सळीचा. उद्या तेच काम करायचं म्हणजे शोरूम बंद, फरशी फोडा, भार पेलत असलेल्या कॉलमखाली आधार द्या आणि खणा. पायातली ही माया सोडायला कंजुषी करू नका.

दुसरी माया कॉलमच्या माथ्यावर. माथ्याला जाड प्लेट वेल्ड करून तिला भोकं वर्कशॉपमध्येच पाडून घ्या. आज पत्र्याच्या छपराचे राफ्टर त्याच भोकांत बोल्टने बसतील. पुढे बोल्ट सोडायचे, राफ्टर उतरवायचे आणि त्याच भोकांवर वरचा कॉलम बसवायचा. छपराचा एकही सांधा साइटवर वेल्ड करू देऊ नका. वेल्ड केलेला राफ्टर गॅस कटरने काढताना त्याची टोकं जातात आणि तो पुन्हा कामाला येत नाही. जिना आणि मालाची लिफ्टही अशाच जागी ठेवा की त्यांची खाच सरळ वर नेता येईल. मंजुरीचा नकाशा करतानाच आर्किटेक्टला सांगा की, पूर्ण वाढ धरून चटईक्षेत्र (एफएसआय) किती उरतं ते काढा. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. पार्किंग आणि सामासिक अंतरं तिच्यानुसार उंची आणि वापरावर बदलतात. वर मजला चढवायची ताकद सांगाड्यात आहे, पण पार्किंगला जागा नाही, म्हणून अडकलेली बांधकामं खूप आहेत.

ज्यांचा प्लॉट खोल आहे, त्यांनी मात्र पीईबी घेऊन मागे वाढावं. त्यांच्यासाठी एकच गोष्ट, पण ऑर्डर देण्याआधी लेखी हवी. शेवटची चौकट 'वाढीव' धरून, म्हणजे मधल्या चौकटीइतकीच मजबूत करून मागा. नेहमी शेवटच्या चौकटीवर निम्माच भार येतो म्हणून ती हलकी करतात, आणि पुढचा चौक जोडायच्या वेळी ती कमी पडते. मागच्या भिंतीचा पत्रा स्क्रूने सुटणारा ठेवा. आणि सेप्टिक टँक, बोअर, पाण्याची टाकी यांतलं काहीही त्या मागच्या जागेत घेऊ नका.

प्रश्न : पहिल्या मजल्याचे आडवे बीम २० फूट लांबीचे, आठ-आठ फुटांवर आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो २५० चा (२५० मिमी उंचीचा) आयबीम भरपूर झाला, इंजिनिअरने ३०० चा दाखवलाय. आमचा भाऊ म्हणतो की इंजिनिअर उगाच लोखंड वाढवतात. खरं कुणाचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : इंजिनिअरचं. फॅब्रिकेटर खोटं बोलत नाही, पण त्याच्या डोक्यात घराचा भार आहे. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, चल भार (माणसं आणि सामानाचा भार) धरतात. दुकानासाठी आपल्या संहितेत, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, तो ४ किलोन्यूटन आहे. चौरस फुटाला सुमारे ३८ किलो. डेकस्लॅब (लोखंडी पत्र्यावर ओतलेला काँक्रीटचा स्लॅब), फरशी आणि सीलिंगचं वजन साधारण तेवढंच आणखी. हा सगळा भार आठ फुटांच्या पट्ट्याने २० फुटांच्या बीमवर टाकला, तर घराच्या हिशेबाने २५० चा बीम काठावर पास होतो आणि दुकानाच्या हिशेबाने नापास. ३०० चा दुकानाला पास होतो. २५० चा बीम मीटरला ३७ किलोच्या आसपास, ३०० चा ४६. एका बीममागे पंचावन्न किलोचा फरक आहे. तेवढ्यासाठी इंजिनिअरशी वाद घालू नका.

पण खरा धोका पुढेच आहे. सगळ्या घरच्या धंद्यांत असं होतं की दिवाळीच्या आधी माल येतो, खाली जागा नसते, आणि वरच्या मजल्याचा मागचा कोपरा गोदाम होतो. संहितेत गोदामाला साठ्याच्या दर मीटर उंचीमागे २.४ आणि कमीत कमी ७.५ किलोन्यूटन धरायला सांगितलंय, म्हणजे चौरस फुटाला सत्तर किलोच्या वर. तोच २० फुटी बीम मग ३५० चा लागतो. हे आकडे कागदावरचे वाटत असतील तर घरचंच उदाहरण घ्या. १८ मिमी प्लायची ८ × ४ ची शीट ३२ ते ३५ किलोची असते. पन्नास शीटची थप्पी जेमतेम तीन फूट उंच होते, कमरेच्या थोडी खाली. पण तिचं वजन सतराशे किलोपर्यंत जातं आणि ते फक्त ३२ चौरस फुटांवर असतं, फुटाला पन्नास किलोच्या वर. एमडीएफ असेल तर साठ. म्हणजे कमरेइतकीही न आलेली थप्पी शोरूमच्या मजल्याची मर्यादा ओलांडून गेलेली असते, आणि बघणाऱ्याला तिथे काही जड ठेवलंय असं वाटतही नाही.

म्हणून मजल्याचा एक चौक, शक्यतो लिफ्टच्या शेजारचा, सुरुवातीपासूनच गोदामाच्या भाराने करून घ्या. बाकीच्या मजल्याच्या भिंतीवर 'चौरस फुटाला ३८ किलोपेक्षा जास्त नको' अशी पाटी ठळक अक्षरांत लावा. हमालांना आकडा कळण्यापेक्षा 'प्लायची थप्पी दोन फुटांवर नको' हे जास्त कळतं, तेही लिहा. फोमच्या गाद्या, खुर्च्या, सोफे यांची चिंता नाही. त्यांची जागा जाते, वजन नसतं.

डेकशीटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बीम आणि काँक्रीट एकत्र काम करतील असा हिशेब इंजिनिअरने धरला असेल, तर त्याला १९ मिमीचे शिअर स्टड (बीम आणि काँक्रीट यांना एकत्र पकडणारे खुंट) लागतात, ते मशीनने डेकशीटमधून थेट बीमला वितळून चिकटतात. बऱ्याच साइटवर मशीन नसतं, म्हणून सळीचे तुकडे साध्या रॉडने चिकटवतात. डेकशीटचं जस्त मध्ये आल्याने ते वेल्ड कच्चं राहतं, हातोड्याच्या दोन ठोक्यांत तुकडा सुटतो. काँक्रीट टाकायच्या आधी स्वतः दहा-बारा ठिकाणी ठोकून पाहा. मशीन मिळणार नसेल तर इंजिनिअरला आधी सांगा. तो बीम तेवढा जाड करेल, आणि तेच बरं.

प्रश्न : आमच्याकडे पाच फुटांपर्यंत काळी माती आहे. लोखंडी सांगाडा हलका, त्यामुळे पाया उथळ चालेल असं ठेकेदार सांगतो.
– एक वाचक, परभणी

उत्तर : चालणार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हलक्या इमारतीला ती वर उचलते, म्हणजे सांगाडा हलका असणं इथे सोयीचं नाही, उलट अडचणीचं आहे. पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर प्रत्येक फुटिंग मुरमात किमान फूटभर आत घ्या. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे तळाशी गाठ असलेले पाइल, साधारण साडेतीन मीटर खोल. पाइलवरच्या प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) दोन-तीन इंचांची पोकळी ठेवावी लागते. ती बुजवली तर फुगणारी माती बीमलाच ढकलते.

सांगाडा उभा राहील, पण फरशी फुटेल, हे तुमच्या भागातल्या शोरूमचं नेहमीचं दुखणं. कॉलम मुरमावर आणि फरशी काळ्या मातीवर, त्यामुळे कॉलमच्या भोवती फरशीला गोल तडा जातो. उपाय एकच. आतली सगळी काळी माती काढायची आणि मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. दोन फुटांचा थर एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर दबतो तो फक्त वरचा अर्धा फूट. फरशी आणि कॉलम यांच्यामध्ये सांधा ठेवा. इमारतीभोवती पाच-सहा फुटांची फरसबंदी बाहेरच्या उताराने करा, म्हणजे छपराचं पाणी पायात जिरणार नाही.

अँकर बोल्टचं (कॉलम पायाला पकडणाऱ्या बोल्टचं) सांगतो, कारण लोखंडी कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. काँक्रीट भरताना बोल्ट अर्धा इंच सरकतो. मग क्रेनवर टांगलेला कॉलम बसत नाही, आणि वेल्डर बेस प्लेटचं (कॉलमच्या तळाच्या प्लेटचं) भोक गॅसने मोठं करतो किंवा बोल्ट वाकवतो. चारही बोल्ट ८-१० मिमी प्लेटच्या टेम्प्लेटमध्ये नटने आवळून मगच काँक्रीट भरा, आणि काँक्रीट ओलं असतानाच दोऱ्याने आणि लेव्हलने पुन्हा तपासा. बेस प्लेटखाली इंच-सव्वा इंचाची जागा ठेवून ती न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची असते, साध्या सिमेंटच्या मालाने नाही.

आणि बेस प्लेट फरशीखाली गाडू नका. शोरूममध्ये नट-बोल्ट दिसायला नकोत म्हणून फरशी थेट कॉलमला भिडवतात. रोज पोछा मारताना फिनेलचं पाणी त्या फटीत उतरतं. चार-पाच वर्षांनी फरशी काढून पाहिली तर कॉलम वरून चकचकीत आणि खालच्या दोन इंचांत पापुद्रे सुटलेले. पेडेस्टल (कॉलमखालचा काँक्रीटचा ठोकळा) फरशीच्या चार ते सहा इंच वर घ्या आणि काढता येणाऱ्या पेटीने झाका.

प्रश्न : समुद्र दोन किलोमीटरवर आहे. शेजारच्या शेडचे पाइप आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे आधार) तीन पावसाळ्यांत गंजले. आम्ही लोखंडाच्या नादाला लागावं का? जुन्या दुकानाला जोडून नवं बांधायचं आहे.
– एक वाचक, मालवण

उत्तर : लागा, पण रंगावर पैसे घालायची तयारी असेल तरच. रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन हात हे देशावरचं काम. खाऱ्या वाऱ्यात ते टिकत नाही. वर्कशॉपमध्ये सँडब्लास्टिंग करून लोखंड पांढरट-करडं होईपर्यंत साफ करायचं. त्याच दिवशी झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, मग इपॉक्सीचा मधला जाड हात, वरून पॉलियुरेथेन. सगळं मिळून दोनशे मायक्रॉनच्या पुढे जाड हवं. जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, ते आणायला सांगा आणि फ्लँजच्या (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीच्या) धारांवर मोजा. रंग धारेवर पातळ बसतो, म्हणून गंज नेहमी तिथूनच चढतो. साइटवर वेल्ड केलेल्या प्रत्येक जागी हीच सगळी तयारी हाताने पुन्हा करावी लागते, म्हणून तुमच्याकडे सांधे बोल्टचेच ठेवा, बोल्टही गॅल्व्हनाइज्ड. चौकोनी पाइप वापरत असाल तर दोन्ही टोकं प्लेटने बंद करून घ्या. उघड्या टोकाचा पाइप आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही.

जुनं आणि नवं जिथे भेटेल, तिथली पन्हळ तुम्हाला सगळ्यात जास्त छळेल. २००० चौरस फुटांच्या पत्र्यावर तासाला १०० मिमी पाऊस पडला तर मिनिटाला तीनशे लिटरच्या वर पाणी त्या पन्हळीत येतं. चार इंची पाइप साधारण ९०० चौरस फुटांचं पाणी नेतो, म्हणजे तीन पाइप लागतील, आणि एक पानांनी तुंबेल हे धरून चार घाला. पन्हळ इतकी रुंद हवी की माणूस तिच्यात उभा राहून साफ करू शकेल. कडेला भरून वाहायची तोंडं ठेवा, म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेर पडेल, सोफ्यावर नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे नवं छप्पर जुन्यापासून दूर उतरतं करणं, म्हणजे मधली पन्हळच राहत नाही. आराखडा अजून कागदावर असेल तर तसंच करा. दोन्ही इमारतींचे सांगाडे एकमेकांना जोडू मात्र नका. भूकंपात दोन्ही वेगवेगळ्या हलतात, मध्ये मोकळा सांधा ठेवून वरून पत्र्याची टोपी घाला.

प्रश्न : शोरूमचं तोंड पश्चिमेला, वर पत्रा. मे महिन्यात व्हीनियर उचलतं, रेक्झिन भेगाळतं. एसी वाढवायचा का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी पत्रा झाका. नुसत्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे चुलीवर बर्फ ठेवणं. पर्लिनवर वेल्डमेश जाळी, तिच्यावर फॉइल लावलेली ५० मिमी ग्लासवूल आणि वर पत्रा, हे बांधतानाच होतं. उभ्या शेडमध्ये खालून बसवावं लागतं, पण बसतं. ग्लासवूलच्या खालच्या फॉइलचे सांधे चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. ते उघडे राहिले तर एसीची हवा आणि दमट हवा भेटून पत्र्याच्या पोटाला दव धरतं आणि थेंब गादीवर पडतात. मग लोक छप्पर गळतंय म्हणून वर डांबर फासत बसतात. पावसाचा पत्र्यावरचा आवाजही ग्लासवूलने बराच कमी होतो, गिऱ्हाइकाशी बोलता येतं.

पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा सहा-आठ फुटांचा व्हरांडा करा. काचेलगत संगमरवरी डायनिंग, लोखंडी कॉट, प्लास्टिक खुर्च्या मांडा. रेक्झिनचे सोफे आणि व्हीनियरचं काम आत ठेवा.

आणि एक शंका. व्हीनियर फक्त उन्हाने उचलत नाही. लाकूड पुरतं सुकलेलं नसेल तर कोरड्या उन्हाळ्यात ते आकसणारच. ओलावा मोजायचं मीटर घ्या आणि माल उतरवून घेतानाच तपासा.

प्रश्न : खाली शोरूम, वर गोदाम आणि त्याच्यावर आमचं घर असा विचार आहे. सगळं कुटुंब एका छताखाली राहील. लोखंडी सांगाड्यात हे करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताकदीचा प्रश्न नाही, करता येतं. पण मुलाबाळांचं घर सोफ्याच्या गोदामावर बांधू नका असंच आम्ही सांगू. सोफ्यातला फोम, गादी, एमडीएफ, पॉलिश, थिनर, प्लास्टिकचं वेष्टण, हे सगळं झपाट्याने पेटतं आणि धूर विषारी असतो. लोखंड जळत नाही, पण ५५० ते ६०० अंशांच्या आसपास त्याची ताकद जवळपास निम्मी होते. उघडा बीम अशा आगीत एवढा तापायला फार वेळ लागत नाही.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन इथे १८ जून २००७ रोजी सोफ्यांच्या एका मोठ्या दुकानाला आग लागली, त्यात अग्निशमन दलाचे ९ जवान गेले. जुन्या इमारतीला जोडत जोडत ते दुकान वाढलं होतं. छप्पर लोखंडी ट्रसचं, स्प्रिंकलर नव्हते. आग सुरू झाली मागच्या माल उतरवायच्या धक्क्यापाशी. फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत धूर आणि गरम वायू साठत गेले, खाली शोरूममध्ये त्याचा अंदाज येत नव्हता. नंतर छप्पर खाली आलं. वाढत्या दुकानाने यातून नेमकं काय घ्यायचं? शोरूम आणि गोदाम यांच्यामध्ये छपरापर्यंत, फॉल्स सीलिंगच्याही वर जाणारी पक्की विटांची किंवा ब्लॉकची भिंत आणि फायर डोअर. ते दार पाचर लावून उघडं ठेवायचं नाही. पॉलिशचं काम, थिनरचे डबे, कचऱ्याचा ढीग मुख्य इमारतीत किंवा धक्क्यावर नाही, अंतर सोडून वेगळ्या शेडमध्ये. फॉल्स सीलिंगच्या वरही डिटेक्टर हवेत.

तरी घर वर बांधायचंच असेल, तर घराचा जिना पूर्ण वेगळा, थेट रस्त्यावर उतरणारा ठेवा. शोरूममधून त्याला एकही दार नको. मधला मजला आणि त्याखालचे सगळे कॉलम-बीम किमान दोन तासांच्या अग्निरोधाचे करा. त्यासाठी जाळी घालून दोन इंच काँक्रीटचं वेष्टण, फायर-रेटेड बोर्डांची पेटी किंवा फुगणारा अग्निरोधक रंग चालतो. या रंगाची जाडी लोखंडाच्या आकारावर ठरते, म्हणून 'दोन हात मारून देतो' म्हणणाऱ्याला काम देऊ नका. वर गोदाम नको, गोदाम तळमजल्याला मागे ठेवा.

शोरूमलाही दोन जिने, दोन टोकांना. दीड मीटर रुंद, पायरी ३०० मिमी, उंची १५० मिमी. मजल्याची उंची ४.२ मीटर घेतलीत तर १५० मिमीचे बरोबर २८ चढ बसतात. दुसऱ्या जिन्याखाली आणि जिन्यात गाद्या रचायची सवय आजच मोडा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. तो घेताना होजरीलमधून (आग विझवायच्या पाण्याच्या नळीतून) खरंच पाणी सोडून दाखवायला लावा.

प्रश्न : मालाची लिफ्ट आणि दारं किती मोठी ठेवायची?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर्वात मोठ्या कपाटावरून मोजा, आणि ते आडवं असतानाचं उभं करायला किती उंची लागते ते बघा. सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट आडव्यातून उभं करताना त्याचा कर्ण फिरतो, त्याला सात फूट चार इंच लागतात. म्हणून साडेसात फुटी सीलिंगखाली ते कसंबसं उभं होतं आणि एखाद्या दिव्याला तरी लागतंच. बीमच्या खाली नऊ फूट मोकळे ठेवा. लिफ्टचा पिंजरा आतून आठ × सहा, उंची आठ फूट, दार पिंजऱ्याच्या पूर्ण रुंदीचं, क्षमता एक ते दीड टन. तीन सीटचा सोफा त्यात न तिरका करता जातो. मागचं शटर दहा फूट रुंद घ्या. मधली वाट पाच-सहा फूट, सेटमधल्या वाटा तीन-साडेतीन.

प्रश्न : फॅब्रिकेटर किलोवर दर देतो. वजन खरं कसं धरायचं?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : दर ठरवायच्या आधी 'किलोत काय काय आलं' ते लिहून घ्या. कटिंग, बोल्ट, रंग, क्रेन, उभारणी, वाया जाणारे तुकडे यांपैकी कशाचे पैसे वेगळे आहेत ते स्पष्ट हवं. वजन दोन प्रकारे तपासा. ड्रॉइंगवरून लांबी गुणिले मीटरचं वजन काढा. ३०० चा बारा मीटरचा आयबीम साडेपाचशे किलोच्या आसपास भरायला हवा. आणि माल येताना तुम्ही निवडलेल्या वजनकाट्याची पावती घ्या, भरल्या आणि रिकाम्या गाडीची. दोन्हींत थोडा फरक असतोच. काट्याचं वजन खूपच कमी भरलं तर सेक्शन हलके आलेत, व्हर्नियरने फ्लँजची जाडी मोजा.

लोखंड आयएस २०६२ च्या ई २५० ग्रेडचं किंवा ड्रॉइंगमध्ये लिहिलंय त्या ग्रेडचं आहे याचं मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावरचा हीट नंबर (लोखंड कोणत्या ओतकामातलं ते सांगणारा क्रमांक) बीमवर पंच केलेल्या किंवा रंगाने लिहिलेल्या नंबराशी जुळतो का ते वर्कशॉपमध्ये जाऊन, रंग लागायच्या आधी बघा. एकदा रंग लागला की सगळे बीम सारखेच दिसतात. पैसे चार टप्प्यांत द्या : लोखंड वर्कशॉपमध्ये आल्यावर, फॅब्रिकेशन तपासल्यावर, उभारणी आणि बोल्ट आवळून झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता सगळे सांधे रंगवून, प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे केलेली ड्रॉइंग हातात आल्यावर. ती ड्रॉइंग आणि फुटिंगचे काँक्रीट भरण्याआधीचे फोटो घरात सांभाळून ठेवा. दहा वर्षांनी वर मजला चढवायला येणारा इंजिनिअर पहिल्यांदा तेच मागेल.